सासरेबुवांचं बिनचूक वाचन

माझे सासरे कुलूप-किल्लीवाले. त्यांचं दुकान तीन पावलांत संपतं. किल्ल्या कापायचं मशीन, कोऱ्या किल्ल्यांच्या माळा, एक स्टूल आणि ते स्वतः, एवढंच त्यात मावतं. गिऱ्हाइकाला बाहेर फुटपाथवर उभं राहावं लागतं. आठवडाभर ते किल्ल्या कापतात आणि कापता कापता गुणगुणतात. नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, म्हातारा भलताच मजेत आहे. म्हातारा मजेत वगैरे काही नसतो. तो शनिवारची तयारी करत असतो.

शनिवारी सकाळी आमच्या प्रार्थनाघरात तोराहचा, म्हणजे आम्हा यहुद्यांच्या धर्मग्रंथाचा, त्या आठवड्याचा भाग मोठ्याने वाचतात, तोही ठरलेल्या सुरांत. ऐकायला सोपं वाटतं. पण ज्यातून वाचायचं ती चामड्याची गुंडाळी हाताने लिहिलेली, आणि तिच्यात नुसती व्यंजनं. काना नाही, मात्रा नाही. वाक्य कुठे संपलं, सूर कुठे चढवायचा, कुठे थांबायचं, कशाचीही खूण नाही. या सगळ्या खुणा छापील पुस्तकात असतात. वाचणाऱ्याने आठवडाभर पुस्तकावरून घोकायचं आणि शनिवारी त्या उघड्याबोडक्या अक्षरांसमोर उभं राहायचं. वर आणखी नियम असा, की पाठ म्हणून दाखवलेलं वाचन धरत नाहीत. प्रत्येक शब्द आधी डोळ्यांनी बघायचा आणि मगच तोंडातून काढायचा. म्हणजे पाठ हवं, पण पाठ म्हणायचं नाही! हे मला लहानपणीही नीट कळलं नव्हतं आणि आता तर अजिबातच कळेनासं झालं आहे.

सासरेबुवा एकोणचाळीस वर्षं हे वाचन करतात. माझं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी माझ्या नोकरीबद्दल चकार शब्द विचारला नाही. पुस्तक हातात दिलं आणि म्हणाले, "जावईबापू, वाचा बघू."

मी वाचलं.

"आवाज यथातथाच आहे," ते म्हणाले. "पण लक्ष बरं आहे. तुम्ही माझ्या डाव्या हाताला उभे राहात जा."

तेव्हापासून बारा वर्षं मी त्यांच्या डाव्या हाताला उभा आहे. एरवी मी तयार कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर आहे. खडूची रेघ अर्धा सूत सरकली तरी मला लांबून कळतं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात सगळ्यात जास्त शोभा माझीच झाली.

वाचणाऱ्याच्या दोन बाजूंना दोघं पुस्तक घेऊन उभे राहतात. उच्चार चुकला, सूर चुकला, की तिथल्या तिथे मोठ्याने टोकायचं आणि वाचणाऱ्याने मागे जाऊन तो शब्द पुन्हा म्हणायचा. उजव्या हाताला आमचे मास्तर असतात, शाळेतून निवृत्त झालेले. चूक सापडली की त्यांचा चेहरा असा खुलतो की बघत राहावं. सासरेबुवांनी त्यांना हा आनंद फारसा मिळू दिलेला नाही.

त्या शनिवारी वाचनाचं वर्ष सुरू होऊन थोडेच आठवडे झाले होते. विहिरीचा भाग होता. मालकाच्या मुलासाठी मुलगी शोधायला नोकर दहा उंट घेऊन निघतो, परक्या गावच्या विहिरीवर पोचतो आणि तिथे त्याचं मन डळमळतं. तिथल्या एका शब्दावर एक लांबलचक थरथरता सूर आहे. तो अख्ख्या तोराहमध्ये चारच वेळा येतो, त्यामुळे लोक त्याची वाट बघत असतात. सासरेबुवांनी तो असा घेतला की मागच्या बाकांवरची कुजबुजसुद्धा थांबली. माझ्या अंगावर काटा आला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक चूक नाही. मास्तर पुस्तक मिटताना हिरमुसले होते.

वाचनाच्या मधे मधे सात जणांना वर बोलावतात. चांदीची काडी असते, तिच्या टोकाला छोटं बोट. वाचणारा त्या बोटाने जागा दाखवतो. बोलावलेल्या माणसाने त्या जागेला शालीचं टोक लावायचं, ओठांना लावायचं, आणि मग वाचन चालू असताना गुंडाळीत बघून मनातल्या मनात वाचायचं. त्या दिवशी सहावा मी होतो. मी शाल लावली, ओठांना लावली आणि ओठ हलवले. खुणांशिवाय मला वाचता येत नाही. बाकीच्या सहा जणांनाही येत नाही, पण ते कोणी कबूल करणार नाही.

शेवटी बेकरीवाला गुंडाळी दोन्ही दांड्यांना धरून उघडी उचलतो आणि सगळ्यांना अक्षरं दाखवतो. त्याच्या मनगटात जोर आहे म्हणून हे काम त्याच्याकडे. अख्खी गुंडाळी वर्षभरात वाचून संपवतात, त्यामुळे वर्षाच्या सुरुवातीला सगळा भार डाव्या दांडीवर असतो आणि वर्ष संपत येईल तसा उजवीवर जातो. खाली उतरताना तो मला म्हणाला, "आज उजवा हात भरून आला यार."

"वय झालं तुझं," मी म्हणालो. अक्कल पाजळायची संधी मी सोडत नाही.

दुपारी जेवायला आम्ही सासुरवाडीला होतो. जेवणं झाली, सासरेबुवा आत जाऊन घोरायला लागले, आणि सासूबाईंनी मला स्वयंपाकघराच्या दारातून खुणेने बोलावलं.

"दार लोटा जरा," त्या म्हणाल्या. "आज वर धरली तेव्हा मधे पांढरा पट्टा होता."

"कसला पट्टा?"

"दोन रांगा आणि मधे कोरी जागा. वर्ष संपताना ते गाणं असतं ना, तेव्हा तसं दिसतं. आत्ता कुठून आलं ते?"

"आई, तुम्हाला तर ती अक्षरं वाचता येत नाहीत."

"येत नाहीत म्हणूनच बघते ना! तुम्ही सगळे पुस्तकात डोकं खुपसून बसता. मला वर बायकांच्या गॅलरीतून ओळी कशा बसल्यात तेवढंच दिसतं. एकोणचाळीस वर्षं मी दुसरं काय बघितलंय?"

मला वाटलं, यांना भास झाला असेल. पण बेकरीवाल्याचा उजवा हात डोक्यातून जाईना. मी चपला घातल्या आणि प्रार्थनाघरात गेलो. राखणदाराने कपाट उघडून दिलं. गुंडाळी सकाळी ठेवली तशीच होती. मी ती टेबलावर उघडली. दोन रांगा आणि मधे पांढरा पट्टा. विहीर नाही, उंट नाहीत. ते सगळं कुठल्या कुठे, उजव्या दांडीच्या पोटात.

"गुरुवारी शिवण तपासायला शेवटपर्यंत फिरवली होती," राखणदार म्हणाला. "परत आणायची राहिली. पण शुक्रवारी तुमच्या सासऱ्यांनी येऊन बघितली की! म्हणाले, जागेवर आहे."

तसाच मास्तरांच्या घरी गेलो.

"एकही चूक नव्हती," मास्तर म्हणाले.

"चूक नव्हती हो. पण जे वाचलं ते तिथे नव्हतंच."

"कुठे नव्हतं?"

"गुंडाळीत."

"काहीतरीच काय! मी शब्दन् शब्द बघितलाय."

"पुस्तकात बघितलात. मीही पुस्तकातच बघितलं."

मास्तरांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, घातला, परत काढला. "मग सकाळी आपण सगळ्यांनी काय ऐकलं?" ते म्हणाले. मग चष्मा डोळ्यांवर चढवून त्यांनीच सांगितलं, की सकाळचं धरता येणार नाही. दुपारच्या प्रार्थनेला सूर्य मावळायच्या आत सगळं पुन्हा वाचायला हवं. आणि पुन्हा वाचायचं म्हणजे का ते सांगायला हवं. ते सांगितलं की सासरेबुवांचं वाचन संपलं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

"त्यांना सांगणार कोण?" मी विचारलं.

"जावई तुम्ही," मास्तर म्हणाले आणि आपल्या नखांकडे बघत बसले.

सासरेबुवा नेहमीसारखे सगळ्यांच्या आधी आले. हात धुतले, कोट झटकला. मी गुंडाळी उघडीच ठेवली होती. मी म्हणालो, "बाबा, ती विहिरीची जागा मला एकदा दाखवता का? मला ती खुणांशिवाय वाचायला शिकायचंय."

ते इतके खूश झाले की मला माझीच लाज वाटली. काडी उचलून ते वाकले आणि हलक्या आवाजात वाचायला लागले. पहिली ओळ, दुसरी ओळ. काडी अक्षरांवरून सरकत होती. मग ती पांढऱ्या पट्ट्यावर आली आणि त्या कोऱ्या चामड्यावर त्यांनी दोन शब्द वाचले. सुरासकट, थांबायचं तिथे थांबून.

"बाबा," मी म्हणालो, "इथे काहीच लिहिलेलं नाहीये."

"थट्टा करता का म्हाताऱ्याची?"

"हे शेवटचं गाणं आहे. विहीर फार मागे राहिली."

ते हसले. मग माझा चेहरा कसा झाला असेल कोण जाणे, त्यांचं हसू थांबलं. त्यांनी मान वळवली आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून तिरकं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"मग मी सकाळी काय वाचलं?"

"पाठ म्हणालात, बाबा."

"नाही हो! मला दिसत होतं. काळंभोर, ठसठशीत."

"आणि आत्ता?"

"सरळ बघितलं की उंट दिसतात," ते म्हणाले. "बाजूने बघितलं की दुसरंच काहीतरी आहे."

दोन-अडीच वर्षांपूर्वी त्यांच्या नजरेत बरोबर मधोमध एक धुरकट डाग आला होता. चष्मेवाल्याने नंबर बदलून दिला. काही महिन्यांनी डाग गेला आणि ते बरे झाले, असं त्यांनीच ठरवून टाकलं. डाग कुठेही गेला नव्हता. त्याच्यावर त्यांना पाठ असलेलं सगळं येऊन बसलं होतं. किल्ल्यांच्या कामात अडचण नव्हती, ते दात अंगठ्याने तपासतात. गेल्या दोन वर्षांतले कोणते शनिवार त्यांनी वाचले आणि कोणते पाठ म्हणून दाखवले, हे त्यांना सांगता येईना. मला तर नाहीच नाही. बारा वर्षं मी त्यांच्या कोपराला कोपर लावून उभा आणि मला पत्ता नाही! मला माझा इतका राग आला की ते पुस्तक फाडावंसं वाटलं.

मग मी जे बोललो ते सांगायला नको, पण सांगतो. मी म्हणालो, "आम्हा तिघाचौघांशिवाय कोणालाही कळलेलं नाही, बाबा. मी गुपचूप फिरवून जागेवर आणून ठेवतो. पुढच्या शनिवारचं पुढे बघू."

"आणि लोकांचं काय?" ते एकदम तडकले. "ते सकाळी इथे ऐकायला आले होते ना? त्यांचं ऐकणं झालंच नाही त्याचं काय?"

लोक जमल्यावर ते स्वतःच पुढे जाऊन उभे राहिले. "सकाळी मी वाचलं नाही," ते म्हणाले. "मला वाटत होतं मी वाचतोय. माझे डोळे गेलेत. आता मास्तर वाचतील."

कोणाला काही उमगेना. एकाने विचारलं, चूक कुठल्या शब्दात झाली. दुसरा म्हणाला, आम्ही तर नीट ऐकलं की. बेकरीवाला आपलं उजवं मनगट बघत राहिला. मास्तरांनी गुंडाळी मागे फिरवून विहिरीवर आणली, वाचायला उभे राहिले आणि सूर्य टेकेपर्यंत वाचत राहिले. या वेळी मी पुस्तकात कमी आणि गुंडाळीत जास्त बघितलं, आणि तरी किती वेळा टोकलं ते मोजलं नाही. थरथरत्या सुरावर मास्तरांचा श्वास मधेच तुटला. सासरेबुवा तिसऱ्या बाकावर बसले होते. त्यांचे ओठ हलायला लागले तेव्हा त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि शेवटपर्यंत तो काढला नाही.

घरात आल्यावर सासूबाईंनी डोक्याचा रुमाल सोडला, त्याची घडी घातली आणि सासरेबुवांना पाणी दिलं. ते पेला हातात धरून त्यांच्याकडे बघत होते.

"अगं," ते म्हणाले, "तुझे केस काळेच आहेत ना?"

सासूबाई जागच्या जागी थांबल्या. "रंग लावायचा सोडून दोन वर्षं होतील आता," त्या म्हणाल्या. "पांढरेफटक झालेत. तुम्ही एका शब्दाने काही बोलला नाहीत. मला वाटलं, आवडलं नाही म्हणून गप्प आहात. मीही मग कधी विचारलं नाही."

"मला काळे दिसतात."

मी उठायला हवं होतं, पण उठलो नाही. सासूबाईंनी खुर्ची ओढली. समोर नाही, त्यांच्या बाजूला, जिथून त्यांना दिसतं तिथे नेऊन ठेवली आणि बसल्या.

"बघा आता," त्या म्हणाल्या.

सासरेबुवांनी भिंतीकडे तोंड केलं आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. मग पेला खाली ठेवून हात लांब केला आणि तो त्यांच्या केसांवरून फिरवला, कपाळावरून, गालावरून.

"हे मला पाठ नव्हतं," ते म्हणाले.