एका अख्ख्या रविवारचा सौदा

पुण्याची गाडी सुटायला चार मिनिटं उरली होती आणि अण्णा बसस्टँडच्या दारात रिक्षावाल्याशी वीस रुपयांवरून भांडत होते. "चाचा, पडेगाव से लाया हूँ, बाजू की गल्ली से नहीं," रिक्षावाला कळवळून सांगत होता. मी पहिल्यांदाच घर सोडून चालले होते, पण रडायला बाप मोकळा पाहिजे ना! दहा रुपये कमी करून अण्णा खिडकीशी आले तेव्हा गाडी हलली होती. "दिलं तेवढं घेऊ नको गं!" एवढंच ओरडले. बाकीचे बाप तब्येतीला जप म्हणतात.

आणि मी नेमकं तेच केलं. पहिल्या कंपनीनं दिलं तेवढं घेतलं. हे कळल्यावर अण्णा आठ दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. ते आमच्या जवळच्या छावणी भागातल्या गुरुवारच्या बाजारात गुरांचे सौदे जुळवून देतात. पगाराला नुसतं "ओके सर" म्हणून येणं म्हणजे त्यांच्या लेखी खानदानाची बेइज्जती.

गावी, पडेगावातच राहिलेल्यांनो, तुम्हाला वाटतं आम्ही तिकडं लई मजेत. माझ्यासारखे बाहेर पडलेले मात्र हसतील, कारण त्यांना रविवार माहीत आहे. शनिवारी दुपारी घरी पोचायचं. रविवारी डोळा उघडला की माय विचारणार, "किती वाजताची गाडी हाय?" मग थालीपीठसुद्धा घड्याळाकडं बघत खायचं. तीन वर्षांत घरी एक अख्खा रविवार काही मिळाला नाही. मला त्याचं फार वाईट वाटायचं.

म्हणून दुसऱ्या कंपनीची ऑफर आली तेव्हा मी ठरवलं, पगार तर मागायचाच, पण सोमवारी घरून काम आणि मंगळवारी दुपारपर्यंत ऑफिसला पोचायची मुभाही मागायची. अण्णांना हे पटेना. "पैसा माग. येळ कोण मागतं? बैल विकताना कुणी म्हणतं का, सोमवारी ह्यो माझ्याच गोठ्यात ऱ्हाईल म्हणून?"

"मग मी बैल व्हय?"

"बैल परवडला. त्याला ऑफर लेटर लागत नाय."

एचआरच्या मॅडमचा फोन आला तेव्हा मी सुट्टी काढून घरीच होते. अण्णा समोर बसले, फोन स्पीकरवर टाकायला लावला आणि माझ्या हातावर खांद्यावरचा टॉवेल पसरला. गुरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. कापडाखाली एकमेकांची बोटं दाबतात, म्हणजे बघ्यांना आकडा कळत नाही. आणि आधी तोंड उघडलं तो मेला, असं अण्णांचं शास्त्र.

"तुमची अपेक्षा किती?" मॅडमनी विचारलं.

"तुम्हीच सांगा," मी म्हणाले. असं तीनदा झालं.

"साडेसात लाख," मॅडम शेवटी कंटाळून म्हणाल्या. टॉवेलखाली माझं बोट कचकन दाबलं गेलं.

"जरा बघा ना, मॅडम."

"आठ. याच्या वर शक्य नाही."

मी सोमवारचं काढणार, तेवढ्यात अण्णांनी फोन हिसकावला आणि चक्क कापला.

"अण्णा!"

"उठलो बाजारातून," अण्णा शांतपणे म्हणाले. "आता बघ, ती मागं येती का नाय. हाताला धरून परत बसवील."

कुणी मागं आलं नाही. एक तास अण्णा फोनकडं बघत बसले. दुसऱ्या तासाला त्यांनी तो चार्जिंगला लावला. तिसऱ्या तासाला "रेंज हाय ना?" असं हळूच विचारलं. माय स्वयंपाकघरातून म्हणाली, "घालवली पोरीची नौकरी ह्या माणसानं!" मला तर रडूच फुटलं. नोकरी गेली आणि रविवारही गेला.

"आता मीच फोन लावते," मी म्हणाले.

"आपण फोन केला की भाव पडला."

"पडू द्या," म्हणत मी गच्चीवर गेले.

"नेटवर्क गेलं ना? मी तुमच्याच फोनची वाट बघत होते," मॅडम म्हणाल्या. मग मी सगळं तोंडानंच बोलून टाकलं: सोमवारी घरून काम, मंगळवारी दुपारी हजर, आणि त्याच्या बदल्यात आठ नको, पावणेआठ द्या. त्यांनी आकडा दोनदा विचारून घेतला. पगार कमी करून मागणारी त्यांना पहिल्यांदाच भेटली असणार. "लेखी देते," त्या म्हणाल्या.

खाली येऊन मी अण्णांना सांगितलं, "आठ." त्यांनी ते अख्ख्या बाजाराला सांगितलं.

आता सोमवारी माझं ऑफिस पडेगावात असतं. मीटिंगमध्ये कुकरची शिट्टी झाली की साहेब विचारतात, आज काय बेत? घर म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी सांगते, रविवारी दुपारी चारला जिथं बॅग भरावी लागत नाही, ते घर. तशाच एका रविवारी, चारच्या सुमारास, मी अण्णांशेजारी शेंगा फोडत बसले होते. खोटं पचेना. वर्षाला पंचवीस हजार कमी घेतल्याचं सांगून टाकलं.

मला वाटलं, आता पुन्हा आठ दिवस अबोला. पण अण्णा बोटांवर काहीतरी मोजत होते.

"पंचवीस हजारात वर्षाचे बावन्न रविवार?"

"व्हय."

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पाचशेला एक बी नाय पडला. त्या बाईला कळलंच नाय तिनं काय इकलं ते. कुणाला बोलू नको."