हस्तिदंताच्या बावन्न पट्ट्या

नाताळच्या आधीच्या आठवड्यात आत्याच्या बैठकीच्या खोलीत ओल्या चुन्याचा वास दाटलेला असे, आणि नुकत्याच पुसलेल्या खिडकीतून येणारं तिरपं ऊन थेट पियानोच्या पट्ट्यांवर पडे... तापवलेल्या दुधाच्या सायीचा तो रंग, आणि डोळे अगदी जवळ नेले की आत दिसणाऱ्या केसासारख्या बारीक, वळत गेलेल्या रेषा.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. नगरच्या मुलींच्या शाळेत तिनं हयातभर शिकवलं, लग्न केलं नाही. मायदेशी परतणाऱ्या एका मिशनरी बाईंनी जाताना आपला पियानो तिला दिला होता; भिंगारच्या तिच्या भाड्याच्या दोन खोल्यांत तो आणताना दाराची चौकट काढावी लागली, असं वडील सांगत. रविवारच्या उपासनेची गीतं ती शनिवारी संध्याकाळी आम्हा भाचरांकडून बसवून घेई. झाकण उघडलं की जुनं लाकूड, लोकर आणि किंचित गंज यांचा मिळून एक थंड वास यायचा – तसा वास मला पुढे कुठेच भेटला नाही.

मी आठेक वर्षांचा असेन. नाताळची रंगसफेदी चालली होती. चुन्यात नीळ कालवली की भिंत जास्त पांढरी दिसते, हे मी वडिलांना करताना पाहिलं होतं. आणि आत्याच्या पट्ट्या तर वर्षागणिक पिवळ्या पडत चाललेल्या. ती बाजारात गेल्याचं पाहून मी नीळ पाण्यात विरघळवली, फडकं बुडवलं आणि एकेक पट्टी मन लावून घासली. पांढरी एकही झाली नाही. सांध्यांत आणि त्या बारीक रेषांत तेवढी निळाई उतरली, ती कायमची.

आत्या रागावली नाही. माझ्या हातातलं फडकं काढून घेत म्हणाली, "अरे, ही काय भिंत आहे? हत्तीचा दात आहे हा."

मला ते ठाऊक नव्हतं. पुढे कितीतरी दिवस मी त्या पट्ट्यांना बोट लावलं नाही. शेवटी तिनंच बोलावून शेजारी बसवलं. "हत्तीला काही आता तो परत देता येत नाही," ती म्हणाली, "आपल्या हाती आलाय, तर निदान नीट सांभाळू."

आत्याला जाऊन आता दोन महिने झाले. खोल्या रिकाम्या करून द्यायच्या होत्या, म्हणून माझा थोरला भाऊ – सुप्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेला दादा – पुण्याहून जुन्या वस्तूंचा एक व्यापारी घेऊन आला. त्यानं पियानो वाजवूनही पाहिला नाही. तारा ताणून धरणारी आतली लोखंडी चौकट तडकली आहे, सूर आता लागायचा नाही, हे दादानं त्याला आधीच सांगितलं होतं. त्याला हव्या होत्या फक्त पट्ट्यांवरच्या हस्तिदंताच्या पातळ चिपा. त्या काढून दागिन्यांत बसवतात म्हणे, आणि भावही चांगला येतो. नखानं निळा डाग खरवडत तो म्हणाला, "मालाची पार वाट लावलीय कुणीतरी." इतक्या जुन्या हस्तिदंताला कायदा लागत नाही, अशी खात्रीही त्यानंच दिली. आणि लगेच, फोनवर मात्र यातलं काही बोलू नका, असंही तोच म्हणाला.

दादाच्या मनात वाईट काही नव्हतं. त्या पैशातून आत्याच्या कबरीवर काळा घडीव दगड बसवायचा होता त्याला. "जन्मभर खडूच्या भुकटीत उभी राहिली ती," तो म्हणाला, "एक दगड तरी बरा नको का?"

दगड माझ्या पेन्शनमधून बसवू, पण आत्याचं नाव असल्या व्यवहारावर कोरायचं नाही, असं मी सांगितलं. तो चिडला. वाचून वाचून तुझं डोकं बिघडलंय, म्हणाला. मी पियानो टेम्पोत घालून माझ्या घरी आणला, त्यासाठी पुस्तकांची दोन कपाटं बाहेरच्या पडवीत काढली, आणि दुसऱ्या दिवशी वन खात्याच्या कचेरीत गेलो.

तिथले कारकून बोलायला मोकळे होते. "सर, शंभर वर्षांचं आसू द्या, न्हाईतर दोनशे. हस्तिदंत इकता येत न्हाई, इकत घेताबी येत न्हाई. वारसानं आलं आसंल तर नव्वद दिवसांत कळवायचं, बास."

कळवल्यावर तो माझ्याकडेच राहील का, असं मी विचारलं.

"ते सायेब ठरवत्याल. बाईंच्या नावचा मालकीचा दाखला हाय का?" नव्हता. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "मंग अवघड हाय जरा. गप बसला आसता तर कुनाला कळलं आसतं?"

मलाही तो विचार आदल्या रात्री सुचलाच होता. पण आत्याची वस्तू लपवून ठेवायची म्हणजे ती जणू चोरून आणली आहे असं आपणच म्हणायचं, आणि ते मला मान्य नव्हतं. नेला तर नेऊ देत, उजेडात नेतील.

त्यांनी कागद पुढे सरकवला. वस्तूचं वर्णन, नग बावन्न, रंग, डाग – सगळं लिहिलं. अंदाजे किमतीच्या रकान्यात आडवी रेघ मारली. मग मूळ धारकाचं नाव... ते लिहायला वेळ लागला नाही. त्यापुढे छापलं होतं, 'हयात / मयत, लागू नसेल ते खोडावे.'

रांगेत मागे कुणी नव्हतं, पंखा फिरत होता, कारकून चहाला उठून गेले होते. ते परत येईपर्यंत मी तसाच बसून होतो. मग 'हयात' खोडलं, खाली सही केली आणि कागद खिडकीतून आत दिला.