फटीजवळच्या लाटा

आमच्या फिजिक्सच्या लॅबमध्ये किस्से धुळीसारखे साठतात. झाडून काढले तरी संध्याकाळी पुन्हा तेवढेच! माणसं तीनच: गुरव सर, त्यांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी सविता आणि शेजारच्या टेबलावर मी. फटीतून बाहेर पडलेला आवाज कसा वळतो, पसरतो, त्याचं कॉम्प्युटरवर मॉडेल करणं हे सविताचं काम. लांबून ते सोपं. पण फटीच्या अगदी जवळ लाटा अशा काही एकमेकींत गुंततात, की नुसतं बघत बसावं!

*

आमच्या प्रयोगातला आवाज इतक्या वरच्या पट्टीतला, की तो माणसाला ऐकूच येत नाही. एकदा प्राचार्य आले.

"चालू आहे?"

"चालू आहे, सर."

"मग आवाज?"

"ऐकू येत नाही."

ते बराच वेळ मान डोलावत उभे राहिले. जाताना म्हणाले, "छान. अशीच शांतता ठेवा!"

*

पंख्याच्या वाऱ्यानं मोजमाप बिघडतं, म्हणून पंखा बंद. एप्रिलातलं सोलापूर! एका दुपारी सर खुर्चीतच घोरायला लागले. सविता माझ्या कानाशी म्हणाली, "मॅडम, ह्या आवाजाला फट लागतच न्हाय!"

*

हॉस्टेलवर सविता एकदा किलकिल्या दारासमोर डोकं इकडंतिकडं करत उभी होती. वॉर्डन कडाडल्या, "चोरून ऐकतेस?"

"न्हाय मॅडम, आवाज कुटं वळतोय ते बघायलेय."

*

पण आलेखावर मॉडेलची रेघ आणि आम्ही मोजलेले ठिपके काही जुळेनात. मैंदर्गीहून आप्पांनी, सविताच्या मेंढपाळ वडिलांनी, बजावलं होतं, "उन्हाळ्यात जमलं तर बघ, न्हायतर दुधनीच्या शाळेत जागा हाय, तितं लाग." रविवारी ते तिला न्यायला येणार होते. पोरीचं तोंड बघवत नव्हतं.

शुक्रवारी दुपारी स्क्रीनवर निळ्या लाटा फटीतून संथ बाहेर पडत होत्या. मला तळ्याकाठी बसल्यासारखं वाटत होतं, डोळे मिटत होते. एकदम सविता ओरडली, "मॅडम, ह्याला उकडतच न्हाय!"

"कुणाला गं?"

"मॉडेलला! पुस्तकातली वीस डिग्रीची हवा घातलीय. हितं चाळीस हाय की! तापल्या हवेत आवाज जास्त वेगानं पळतोय!"

तिनं आकडा बदलला. लाटा जराशा लांबल्या आणि रेघ एकेका ठिपक्यावरून अलगद गेली. सर चष्मा काढून उभे राहिले.

तिनं स्पीकरवर फोन लावला. "आप्पा, जुळलं! रविवारी येऊ नका."

तिकडून नुसत्या मेंढ्या ओरडत होत्या. मग आप्पा म्हणाले, "मग रडायलीस कशाला?"

"मी न्हाय आप्पा, सर रडायलेत!"