आईचं कपाट दारातून निघालं नाही

असल्या गोष्टी सांगणाऱ्या बायांचा मला आधीपासून कंटाळा. कोणाच्या अंगात यायला लागलं की मी उठून चहा ठेवायची... तरी हे लिहिते आहे, कारण हे मी माझ्या हातानं मोजलेलं आहे.

बाभुळगावला माझं माहेर. आईचं सागवानी कपाट माजघरात, डाव्या भिंतीला. घरात मूल झालं की बाबा त्याचं नाव, दिवस अन् वेळ कपाटाच्या दारावर आतून शाईनं लिहीत. मला शाळेत घातलं नाही. भावाचं अन् माझं नाव बघून बघून मी तिथंच अक्षरं शिकले.

बाबा आधीच गेले होते, एकसष्टच्या वैशाखात आई गेली. तेरवी झाली अन् धाकटा भाऊ हक्कसोडीचा कागद घेऊन आला. मुलींना वाटा देणारा कायदा नवाच होता, म्हणून घाई.

"सही करून दे, आक्का. साडीचोळी देतोच."

"साडी राहू दे बापू. आईचं कपाट दे मले."

"ने ना. त्या जुन्या लाकडाले कोण पुसते?"

मी सही केली. आधी कपाट गाडीत चढवावं, मग सही करावी — एवढी अक्कल तेव्हा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चार माणसांनी ते उचललं. दारापर्यंत आलं अन् अडलं. तिरपं केलं, आडवं केलं, फळ्या काढल्या... नाही. सुतार बोलावला. त्याच्या मापानं दार कपाटापेक्षा दोन बोटं मोठं. मला पटेना. मी स्वतः सुतळी लावली, तीनदा. दोन बोटंच. पुन्हा लोटलं, पुन्हा अडलं. मधे काहीच नव्हतं, माझी बोटं दोन्ही बाजूंनी फिरत होती.

सुतार घाम पुसत म्हणाला, "बाई, माह्या मापात चूक नाही. पण हे जात नाही."

वहिनी म्हणाली, "सासूबाईचं मन नाही दिसत, वन्सं."

भाऊ हसला. "म्या तर नाही म्हटलं नाही बुवा."

रिकामी गाडी घेऊन राळेगावला सासरी आले. सासू ओट्यावरच होती. "कपाट आणाले गेलती ना? का वाट्यासंगं तेही सोडून आली?"

दोन वर्षांनी भावानं ते यवतमाळच्या एका व्यापाऱ्याला विकलं. वहिनीनंच सांगितलं, अगदी सहज — "दोघाच हमालांनी उचललं, वन्सं. सरळ गेलं. कुठं घासलंबी नाही."

दार तेच, चौकट तीच. मी मुद्दाम जाऊन मोजली.

लोक म्हणतात, लाकूड फुगतं. वैशाखात, आमच्या वऱ्हाडात? भावानं मला फसवलं, ते समजतं. तो जिवंत माणूस होता, त्याला हाव होती. पण त्या दिवशी दारात आडवी आई उभी होती असं म्हणावं, तर तिनं लेकीला अडवलं अन् परक्याला वाट दिली... याचा अर्थ मला अजून कोणी सांगितलेला नाही. विचारावं असं आता कोणी उरलंही नाही.