सासूबाईंचं बंद पाकीट

आमच्या सासूबाईंनी एकही निवडणूक चुकवली नाही. पण मत कुणाला द्यायचं, ते आधी सासरे सांगायचे आणि सासरे गेल्यावर माझा नवरा. नवरा एका पक्षाचा गावातला कार्यकर्ता. कळंबच्या नाक्यावर त्याच्या शब्दाला मान आहे, घरात तितकासा नाही.

यंदा सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं. वय पंच्याऐंशीच्या पुढचं, म्हणून घरी येऊन मत घ्यावं असा अर्ज आम्ही केला. त्या रात्री पाय चेपताना त्या मला हळूच म्हणाल्या, "या वक्ताला माझं मी बघीन. त्याला कळू द्यायचं नाय गं." मला इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी नवऱ्याशी मी भांडलेसुद्धा नाही.

ठरल्या दिवशी पथक आलं. अधिकारी मॅडम, त्यांचे मदतनीस, एक पोलीस, एक कॅमेरावाला. मागोमाग निम्मी आळी ओटीवर येऊन बसली. मॅडम म्हणाल्या, "दार लावा, मत गुप्त असतं." कुणी हललं नाही. आमच्याकडे दिवसाउजेडी दार लागतं ते घरात भांडण असलं तरच.

तेवढ्यात नवरा पुढे झाला. "मॅडम, आयेला दिसत नाय. मी सोबती म्हणून खूण करतो."

ज्याला दिसत नाही त्याला सोबती घेता येतो, असा नियम आहेच. सासूबाईंनी मात्र उशाजवळची अर्धी शिवलेली गोधडी ओढली, तिच्यातली सुई काढली, दोरा ओठांत ओला केला आणि पहिल्याच झटक्यात ओवला. मग दुसरी सुई लेकापुढे धरली.

"आता तू ओव रं."

ओटीवर जो हशा पिकला! पोलीसही तोंड फिरवून हसला. मॅडमनी नवऱ्याला बाहेर काढलं, मलाही काढलं, आणि दार लागलं.

खूण करून झाल्यावर मला आत बोलावलं, तर वेगळाच गोंधळ. मत पाकिटात गेलं होतं, पाकीट चिकटवलं होतं, आणि सासूबाई ओवलेली सुई घेऊन त्याला टाके घालायला निघाल्या होत्या.

"आजी, टोचू नका, आतलं मत फाटेल," मॅडम काकुळतीला आल्या होत्या.

"डिंकाचा काय भरवसा? वाफंवर उकलतोय."

शेवटी ते पाकीट दुसऱ्या मोठ्या पाकिटात गेलं, तेही चिकटवलं आणि पेटीत पडलं. सासूबाईंनी पेटीच्या कुलपाकडे बघितलं. "चावी कोणाकडं ऱ्हाते? याच्याकडं नाय ना?"

निकाल लागला. नवऱ्याचा उमेदवार निवडून आला. गुलालाने माखलेला तो पेढे घेऊन आईच्या खाटेपाशी बसला. "आये, आता तरी सांग."

त्यांनी पेढा मोडला, अर्धा खाल्ला. "गोड हाय."

तो माझ्याकडे वळला. मला खरंच माहीत नव्हतं, आणि माहीत नसल्याचा एवढा अभिमान मला कधी वाटला नव्हता.

सासूबाईंनी उरलेला अर्धा पेढा माझ्या हातावर ठेवला आणि गोधडी पुढे ओढली.