वसुंधराकाकूंनी न विचारलेला प्रश्न

आमच्या बिल्डिंगमध्ये कुठली बाई बारीक झाली की जाड, याचा निकाल वजनकाटा देत नाही, वसुंधराकाकू देतात. एव्हरशाईन सिटीत तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये त्या अठ्ठावीस वर्षं ब्लाउज शिवताहेत. मूळच्या देवगडच्या, त्यामुळे जीभ तिखट आणि मत फुकट. "गेल्या दिवाळीपासून दोन इंच! चकल्या कुणी संपवल्या गं?" असं त्या चार गिऱ्हाइकांसमोर विचारतात. तरी बायका त्यांच्याकडेच जातात, कारण काकूंच्या टेपवर सगळ्यांचा विश्वास.

म्हणून मी ऑनलाइन तो पोटाचा पट्टा मागवला तेव्हा आधी त्यांच्याकडेच नेला. पट्टा पोटावर बांधायचा, बटण दाबायचं, की विजेचे बारीक झटके बसतात आणि स्नायू आपोआप आखडतात, सुटतात. घरबसल्या पोट सपाट, अशी जाहिरात.

"विनिता, झटके खाऊन पोट गेलं असतं तर सगळे वायरमन सडपातळ दिसले असते," काकू म्हणाल्या. पण कुतूहल त्यांनाही होतंच. त्यांनी रीतसर परीक्षाच मांडली. तीन आठवडे, रोज अर्धा तास. सकाळी मी, दुपारी तीनला उन्नती. माप दर रविवारी, उपाशीपोटी, बेंबीवरून, श्वास सोडून.

उन्नती ही तिसऱ्या मजल्यावरची नवी सून. माहेर चांदीप गावचं, लग्नाला सात महिने झालेले. नवरा प्रितेश, त्याला कंपनीनं महिनाभरासाठी पुण्याला पाठवलेलं. ओटीपोट सुटलंय म्हणून पोरगी हिरमुसली होती.

खोक्यातला कागद काकूंनी चष्मा लावून मोठ्यानं वाचला. पेसमेकर असेल तर नको, नुकतं ऑपरेशन झालं असेल तर नको, गरोदर असाल तर नको. तिथं त्या थांबल्या आणि उन्नतीकडे बघून म्हणाल्या, "सगळं ठीक आहे ना गं?"

"हो काकू," उन्नती लाजून हसली. झालं, एवढीच विचारपूस. चकल्यांचा हिशेब मागणाऱ्या काकू इथं अडखळल्या, आणि त्याचं कारण मला माहीत होतं. काही वर्षांपूर्वी एका मुलीचं माप घेताना त्या सहज बोलून गेल्या होत्या, "पेढे कधी देतेस?" आठ दिवसांत त्या मुलीचा गर्भ पडला. तिच्या घरच्यांनी काकूंचीच दृष्ट लागली म्हणत दारात येऊन तमाशा केला. तिसरा महिना सरेपर्यंत आमच्याकडे दिवस गेल्याचं कुणी आपणहून सांगत नाही, आणि तेव्हापासून काकू विचारत नाहीत.

पहिल्या रविवारी काहीच फरक नव्हता. दुसऱ्या रविवारी कळलं की उन्नती झटक्यांचा आकडा तीनच्या वर नेतच नाही. काकू वैतागल्या. "मोजायचं तर नीट मोजू. सातपर्यंत ने."

तिसऱ्या रविवारी माझं पोट पाव इंचानं कमी भरलं. "तेवढं तर तू शिंकलीस तरी जातं. स्नायू जरा घट्ट लागतोय, चरबी जागच्या जागी. पट्टा नापास!" असा निकाल लागला. उन्नतीचं पोट उलट अर्धा इंच वाढलं होतं. जाताना ती एक ब्लाउज सैल करायला ठेवून गेली. दोन महिन्यांपूर्वीच शिवलेला, पण आता हूक लागत नव्हते.

दुपारी माझ्या दाराची बेल वाजली ती वाजतच राहिली. दारात काकू, हातात तो ब्लाउज, चेहरा पांढराफटक.

"पट्टा कुठाय?"

"उन्नतीकडे. वाढलेला अर्धा इंच घालवते म्हणाली."

"विनिता, पोट अर्धा इंच आणि छाती दीड. जाडी अशी चढत नाही गं. सकाळपासून डोक्यात येतंय आणि मी मेली मशीन चालवत बसले."

तीन वाजायला आले होते. आम्ही लिफ्टची वाटसुद्धा बघितली नाही. गुडघेदुखीच्या काकू माझ्या दोन पायऱ्या पुढं होत्या. मी मागून धावत होते. पट्टा माझा होता.

दार उन्नतीच्या सासूबाईंनी उघडलं. "माप राहिलंय," म्हणत काकू सरळ आतल्या खोलीत घुसल्या. उन्नती पलंगावर आडवी होती, पट्टा गुरगुरत होता, आकडा सात. काकूंनी तो ओढून काढला.

"पाळी कधी आली होती?"

"माझं नेहमी पुढंमागंच होतं, काकू. पीसीओडी आहे ना." मग ती बोटांवर मोजायला लागली आणि मोजता मोजता रडायलाच लागली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तिच्याबरोबर दवाखान्यात गेलो. आठ आठवडे झालेत, ठोके दिसताहेत, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. मला हायसं वाटतंय तोच उन्नतीनं पट्ट्याचं सांगितलं.

"कितीवर लावत होतीस?"

"आधी तीन. काकूंनी सांगितल्यावर सात."

काकूंनी मान खाली घातली ती वर केलीच नाही.

"यानं काही होईलच असं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "होणार नाही असंही मी छातीठोकपणे सांगणार नाही. दोन आठवड्यांनी परत या. रक्त दिसलं तर त्याच क्षणी."

रिक्षात उन्नतीनं काकूंचा हात घट्ट धरला. "घरी पट्ट्याचं नको सांगूया. तीन महिने काहीच बोलायचं नसतं ना?" काकू घाबरल्या होत्या. पुन्हा तोच तमाशा, आणि या वेळी दोष खरंच आपला, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

तरी वर गेल्यावर त्यांनी सासूबाईंना बसवून सगळं सांगितलं. "कागदावर लिहिलं होतं, मी वाचलं होतं. विचारायला पाहिजे होतं, विचारलं नाही."

मी अंग चोरून उभी राहिले. पण सासूबाई ओरडल्या नाहीत.

"मला पंधरा दिवस संशय होता," त्या हळूच म्हणाल्या. "तिला चहाचा वास सोसत नव्हता. तिसरा महिना सरेपर्यंत तोंडातून काढू नये म्हणून मी गप्प. दुपारी तो पट्टा गुरगुरायचा तेव्हा मी इथंच भाजी निवडत बसलेली असायचे."

आतून उन्नतीचा आवाज येत होता. ती चांदीपला आईशी फोनवर बोलत होती.

"काही नाही गं आई, जरा पोट बिघडलंय. छे, दवाखान्यात कशाला?"

काकू उठल्या, आत गेल्या आणि तिच्या हातातून फोन घेतला.

"सुनंदाताई, मी वसुंधरा, खालची ब्लाउजवाली. तुमच्या लेकीला दिवस गेलेत. आणि मला तुम्हाला आणखी एक सांगायचंय."