देऊळगावला उतरलेली पिल्लं

तो सिनेमा कुठल्या देशाचा होता, हे मला आजही माहीत नाही. माणूस चंद्रावर उतरून फार दिवस झाले नव्हते आणि चिखलीत ज्याच्या त्याच्या तोंडी रॉकेट होतं. त्यामुळे कापूस बाजाराच्या मागच्या मैदानात तंबूतल्या टॉकीजवाल्यांनी ‘बोलणारे कुत्रे आकाशात’ असा फलक लावला, तेव्हा अडत्यांपासून हमालांपर्यंत सगळं गाव लोटलं. फलकावर काचेच्या टोप्या घातलेली तीन पिल्लं होती. रंगाऱ्यानं त्यांना पैलवानासारख्या मिशा काढल्या होत्या.

बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे. सिनेमाचं नाव काढलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची, पण हा अभ्यासाचा आहे अशी मी त्यांची समजूत घातली. आत्या आमच्याकडेच राहायची. कुत्री बोलायला लागली म्हणजे जगबुडी जवळ आली, असं सांगून ती घरी थांबली. आई, बाबा, मी आणि माझी सात वर्षांची बहीण अशी चौघं निघालो.

बहिणीचं या सिनेमात स्वतःचं काम अडकलेलं होतं. आमच्या परसात पऱ्हाटीचा, म्हणजे जळणासाठी रचलेल्या कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, ढीग होता आणि गल्लीतली एक कुत्री त्याखाली व्याली होती. आईचं माहेर देऊळगाव राजाचं. तिथं मामाचा भाजीचा मळा होता. त्याचा जुना कुत्रा मेल्यापासून रानडुकरं रताळ्यांचा फडशा पाडत होती. त्यानं पिल्लू मागितलं आणि बहिणीनं मोठ्या मनानं पांढऱ्या कानाचं पिल्लू कबूल केलं. द्यायचा दिवस जवळ आला तशी मात्र ती कां-कू करायला लागली. आईपासून एवढं लांब गेलेलं पिल्लू पुन्हा आईला भेटतं का, हे तिला आधी पाहायचं होतं.

सिनेमातली पिल्लं मुळात बोलायची ती परदेशी भाषेत, आणि ती कुणाच्या बापाला कळत नव्हती. म्हणून टॉकीजवाले प्रत्येक गावात तिथलाच एक माणूस भोंग्यावर बसवायचे. चिखलीत धान्याच्या बाजारात लिलाव पुकारणारा एक गृहस्थ होता. पडद्याशेजारी खुर्ची टाकून तो गोष्ट सांगायचा आणि तिन्ही पिल्लांचे आवाज काढायचा. थोरलं छातीतून बोलायचं, मधलं बोबडं, धाकटं नाकातून.

“अबे, खाली पाह्य ना. आपली माय कुठी दिसून राह्यली का?”

“नाही बे. काऊन रडतं? येतो आपण घुमून.”

तंबू हसून हसून आडवा झाला. मला मात्र वेगळाच प्रश्न पडला होता. आवाज या माणसाचा, हे मला दिसत होतं; पण पिल्लांची तोंडं कशी हलत होती? मी अर्धा सिनेमा सोडून त्या माणसाच्या ओठांकडे पाहत बसले. पिल्लांना काहीतरी चिकट खायला दिलं असणार, हा माझा निष्कर्ष. दुसऱ्या दिवशी परसातल्या पिल्लांना मी गुळाचा खडा चारून पाहिला. ती तोंडं हलवत राहिली आणि मी शेजारी बसून त्यांच्या वतीनं बोलत राहिले. प्रयोग बरा झाला, असं बाबा म्हणाले.

पण ते नंतर. तंबूत, पिल्लं पृथ्वीकडे वळली आणि पडदा पांढरा झाला. शेवटच्या रिळाचा डबा चुकून त्यांच्याच दुसऱ्या तंबूच्या सामानात बांधला गेला होता आणि तो तंबू बालाजीच्या यात्रेसाठी देऊळगावला पोचलाही होता. लोक खवळले. टॉकीजवाल्यांनी भलत्याच सिनेमातली मारामारी लावून दिली, तसे सगळे शांत झाले आणि खुशीत घरी गेले. सगळे, म्हणजे माझी बहीण सोडून.

“बाबा, ते आले का खाली?” तिनं वाटेतच विचारलं.

बाबांना खोटं बोलता येत नसे. त्यांना वाटलं, ती रॉकेटातून खरोखर आकाशात पाठवलेल्या कुत्र्यांबद्दल विचारते आहे. “पहिली गेली ते नाही आली,” ते म्हणाले. “मंग दोघी गेल्या होत्या, त्या आल्या.”

बहीण जागच्या जागी थांबली. आईनं बाबांकडे असं पाहिलं की पुढचं विज्ञान त्यांच्या तोंडातच राहिलं. घरी येईपर्यंत पिल्लू न देण्याचा निर्णय झाला होता. शेवटी यात्रेच्या निमित्तानं देऊळगावला जायचं, उरलेला सिनेमा पाहायचा आणि मग ठरवायचं, असा तोडगा आईनं काढला. पिल्लू टोपलीत घालून सोबत घ्यायचं, पण ते परत आणायची मुभा बहिणीला राहील.

मामा एसटीच्या थांब्यावर घ्यायला आला होता. पिल्लासाठी त्यानं मळ्यात तुरीच्या काड्यांचं खोपटं करून ठेवलं होतं, आत जुनं पोतं अंथरलेलं. ते त्यानं बहिणीला किती अभिमानानं दाखवलं. परतीची अट त्याला कुणी सांगितली नव्हती.

संध्याकाळी आम्ही तंबूत बसलो. चिखलीतली रिळंही आता इथं आली होती; सिनेमा तोच, पण भोंग्यावर माणूस देऊळगावचा. शेवटचं रीळ आलं. रॉकेट बर्फात रुतलं; बर्फ तिथं कुणीच पाहिलेला नसल्यामुळे त्या माणसानं त्याला कापसाचा ढीग करून टाकलं. पिल्लं बाहेर आली. लांबून त्यांची आई धावत आली.

“माय, आलो गं आम्ही,” धाकटं म्हणालं. “आता तू रडू लागली कामून?”

बायकांनी डोळे पुसले. मीही. बहीण मात्र टोपली घट्ट धरून बसली होती.

“हे ते नाहीत,” ती म्हणाली.

“कोण?”

“ते आपले होते. हे इथले कोणते तरी हायेत. आपले वरच राह्यले.”

मला हसू आलं आणि मग येईना. पडद्यावर सगळी पिल्लं काळीपांढरी आणि सारखीच. तिनं त्यांना ओळखलं होतं ते बोलण्यावरून, आणि ही बोलत होती देऊळगावचं, जालन्याकडचं; आमच्या ‘काऊन’च्या जागी ‘कामून’. मी तिला भोंग्यावरचा माणूस दाखवला.

“हाव, दिसते मले,” ती म्हणाली. “तो चिखलीतला त्यायचं सांगे. हा दुसऱ्यायचं सांगते.”

फिल्म एकच असते, हे बाबांनी नाना परींनी समजावलं. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, “मी याले परत नेतो.” घरी मामाला सगळं कळलं. “लेकराचं मन मोडू नका,” एवढंच तो म्हणाला आणि कंदील घेऊन डुकरं हाकलायला एकटाच मळ्यात गेला. त्याची मला फार दया आली.

सकाळी आम्ही सगळे मळ्यात होतो. आई मेथी उपटत मामाशी गप्पा मारत होती आणि बहीण बांधावर, मांडीत पिल्लू घेऊन.

“आई, तू अशी काऊन बोलून राह्यली?” तिनं एकदम विचारलं.

“कशी?”

“त्या पिल्लायसारखी.”

आई हसली. “मी इथलीच नाही का? इथं आले की हेच येतं तोंडात. तिकडं गेले की तुमचं.”

“पण तू तर एकच हायेस.”

“व्हय, एकच.”

बहिणीनं पिल्लाचा पांढरा कान बोटांत धरला. तिच्या डोक्यात काय चाललंय, हे पाहायची मला भारी उत्सुकता लागली होती.

“मंग ते इथं उतरले म्हणून इथलं बोलले,” ती शेवटी म्हणाली. ती उठली आणि पिल्लू मामाच्या हातात दिलं. “मामा, याले तुमचं समजणार नाही. थोडे दिवस याच्याशी आमच्यासारखं बोलजा. अन् ते काही बोललं त हासू नका.”

“नाही हसत,” मामा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

आई मेथीच्या मुळांची माती झटकत होती. “माझ्याशी नाही कोणी बोललं तसं,” ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. “चिखलीत गेले तवा ‘कामून’ म्हटलं की सारं घर हसायचं. मग मी कितीतरी दिवस तोंडच उघडलं नाही.”

बाबा पाटाच्या कडेला दात घासत उभे होते. त्यांचा हात थांबला. मला राग आला, आणि तो कुणाचा ते ठरवता येईना, कारण घर तर आमचंच होतं.

परतीच्या एसटीत मी आईकडे कान लावून बसले. तिची बोली नेमकी कुठल्या गावापाशी बदलते, ते मला पकडायचं होतं. पण ती गप्पच होती. घरी पोचलो तेव्हा आत्या चुलीपुढे होती.

“काय झालं त्या कुत्र्यायचं?” तिनं विचारलं. “आले का खाली?”

“आले की,” आई म्हणाली. “कापसाच्या ढिगात पडले अन् धाकटं कसं म्हणतं, माय, तू रडू लागली कामून?”

आत्याचे ओठ सवयीनं हसायला फाकले.

“तिले सांगू दे,” बाबा म्हणाले. ते दारातच उभे होते, पिशवी अजून हातात.

आत्यानं बाबांकडे पाहिलं, मग आईकडे. आई थांबली नव्हती. ती हातवारे करून, देऊळगावच्या भाषेत, तिन्ही पिल्लांचं वेगवेगळं बोलणं सांगत होती. आत्यानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि पाट घेऊन तिच्यासमोर बसली.

“मंग?” तिनं विचारलं. “मंग त्यायची माय काय म्हणे?”